जागा धरायची ती स्वतःसाठी

हुजुरांच्या शर्टाच्या खिशात पेन नसे. टिश्यूपेपरची दोन पाकिटं असत, तीही न फोडलेली. नाक पुसायला त्यांच्याकडे वेगळा सुती रुमाल होता, चौकोनी घडीचा. टिश्यू नाक पुसायला असतात असं त्यांच्यासमोर कोणी म्हटलं की ते दुखावल्यासारखे बघत. त्यांच्या लेखी ती मालमत्तेची कागदपत्रं होती.

हे कळायला सिंगापूरचं हॉकर सेंटर डोळ्यांसमोर आणायला हवं. एका छपराखाली तीसचाळीस खाण्याचे ठेले, मधे जमिनीत पक्की बसवलेली टेबलं आणि स्टुलं, आणि जेवणाच्या वेळेला अख्खा सेरंगून भाग तिथे. गरम ताट हातात धरून जागा शोधत हिंडावं लागू नये म्हणून लोक आधी टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवतात आणि मग निवांत रांगेत जाऊन उभे राहतात. तिथे याला 'चोप करणं' म्हणतात. मराठी कानाला ते जरा भलतंच वाटतं, पण चोप कोणी कोणाला देत नाही. पाकिटाला कोणी हातही लावत नाही. माणूस पंधरा मिनिटांनी परत येतो आणि आपल्या जागेवर बसतो.

"या देशात च्युइंगगमला कायदा आहे," हुजूर सांगत. "संडासात पाणी सोडलं नाही तर त्यालाही कायदा आहे. पण या स्टुलाला कायदा नाही, पोलीस नाही, खातं नाही. लोकांनी आपसात ठरवलं आणि चाललंय. सरकारने मधे हात घातला नाही म्हणून चाललंय."

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान या पाकिटात मावत होतं. त्याचे त्यांनी नियमही काढले होते. एका पाकिटाला एक जागा. ठेवलं की रेंगाळायचं नाही. आणि तिसरा, जो ते बोट वर करून सांगत: जागा धरायची ती स्वतःसाठी. दुसऱ्यासाठी धरली की वशिला सुरू झाला.

'हुजूर' हे नाव आम्ही ठेवलेलं. मराठी वर्तमानपत्रांनी विलायतेतल्या दोन पक्षांचं मजूर पक्ष आणि हुजूर पक्ष असं बारसं फार पूर्वीच करून टाकलंय. हे गृहस्थ तरुणपणी चारेक वर्षं लंडनला होते. तिथून लोक ओव्हरकोट आणतात, यांनी हुजूर पक्षाचे विचार आणले, आणि ओव्हरकोटासारखेच ते सिंगापूरच्या उकाड्यात जपून ठेवले. तोंडावर आम्ही त्यांना काका म्हणायचो. पाठीमागचं नाव त्यांना ठाऊक होतं. त्यांची हरकत एवढीच, की ते अपुरं आहे. "हुजुरांतही दोन जाती असतात," ते म्हणत. "मी दुसरीतला."

पहिली जात जुन्या जमीनजुमल्याची. थोरांनी लहानांना सांभाळावं, चाललंय ते हलकेच चालू द्यावं, असं मानणारी. महायुद्धानंतर सरकारने कोळसा घेतला, रेल्वे घेतली, टेलिफोन तर आधीपासून सरकारचाच होता, आणि या मंडळींनी त्या सगळ्याशी जुळवून घेतलं. दुसरी जात मूठभर लोकांची. कुठल्याशा लहान हॉलमध्ये संध्याकाळी जमायचं, बारीक टायपातल्या पातळ पुस्तिका काढायच्या आणि सांगत सुटायचं, की किमतीला मोकळं सोडा, ती जे सांगते ते कुठल्याच मंत्र्याला कळत नाही. पहिल्यांना हे दुकानदारी बोलणं वाटे, दुसऱ्यांना पहिले झोपलेले वाटत. हुजूर तेव्हा पंचविशीचे, हिशेबतपासनिसाच्या कचेरीत उमेदवारी करणारे. खाणकामगारांच्या संपात लंडनचे दिवे गेले, कचेरीत मेणबत्ती लावून आकडे जुळवावे लागले, आणि त्याच आठवड्यात ते पहिल्यांदा त्या हॉलमध्ये गेले. ते म्हणत, मला वाटलं होतं रांगा आणि परमिटं मी साताऱ्याला सोडून आलोय.

माझी त्यांची गाठ रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत पडली. मी पुण्याहून आलेला सॉफ्टवेअरवाला, बँकेचं काम करणाऱ्या कंपनीत. ते त्याच बँकेतून निवृत्त झालेले, पण सल्ल्याला बोलावलेले. तोवर त्यांना इथलं नागरिकत्व मिळूनही बरीच वर्षं झाली होती. टाय, जाड तळाचे बूट, हातात लांब छत्री. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यासाठी लिफ्ट थांबवली आणि मी आभार मानले. त्यावर मला मराठीतून ऐकवण्यात आलं, की आभार कशाला, वर जाऊन तुलाच काम सांगायचंय, तू खाली राहून माझी सोय झाली नसती.

दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता सेरंगूनच्या हॉकर सेंटरमध्ये, कोपऱ्यातल्या ठरलेल्या टेबलाशी ते आम्हा पाचसहा मराठी पोरांना शिकवत. पोरं म्हणजे तिशीपस्तिशीची. खाकी वेष्टन घातलेली एखादी लंडनची पुस्तिका काढायची, एक परिच्छेद इंग्रजीत वाचायचा आणि त्याचं तिथल्या तिथे सातारी मराठी करायचं. समोर बिनसाखरेचा चहा. तो देणाऱ्या चिनी आंटीला ते कधी थँक्यू म्हणत नसत आणि तीही त्यांच्याकडे कधी हसून बघत नसे. हा व्यवहाराचा आदर्श नमुना आहे असं त्यांचं मत होतं. आम्ही त्यांना डिवचायचो, की काका, तुमचा ब्लॉक सरकारने बांधला, त्याखालची जमीन सरकारची, आणि शेजारी कुठल्या वंशाचा किती हेसुद्धा सरकार ठरवतं. तुमचा मोकळा बाजार नेमका कुठल्या मजल्यावर राहतो? ते आधी सांगत की भाडेकरूला घराचा मालक करणं हे पुढे विलायतेत हुजुरांनीच केलं, सिंगापूरने ते त्यांच्याही आधी केलं. मग म्हणत, "पण तुमची शंका खरी आहे. मला तिचं उत्तर येत नाही." असं म्हणणारा मास्तर मी दुसरा पाहिला नाही. त्यासाठीच मी गुरुवार चुकवत नसे.

माझी बायको मेधा मात्र त्यांच्यावर खार खाऊन होती. दिवाळीला तिने त्यांना चकल्यांचा डबा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी हुजूर दारात, हातात संत्र्यांची पिशवी. संक्रांतीला तिळगूळ दिला, संध्याकाळी संत्री. नुसतं कैरीचं लोणचं पाठवलं तरी संत्री. मेधा म्हणाली, हा शेजारधर्म आहे की मंडईतला गाळा? एकदा ती आणि आमची सई हॉकर सेंटरवर आल्या असताना त्यांनी तिलाही तिसरा नियम सांगितला. मेधाने तिथल्या तिथे उत्तर दिलं, की लहानपणी एसटी फलाटाला लागायच्या आत तिचे बाबा खिडकीतून रुमाल टाकायचे, आई आणि तीन पोरींसाठी. तो टाकला नसता तर चौघी उभ्याने कोल्हापूरपर्यंत गेल्या असत्या. हुजूर शांतपणे म्हणाले, आणि ज्या बाईचा नवरा बाहेर रुमाल घेऊन उभा नव्हता, ती कोल्हापूरपर्यंत कशी गेली असेल? मेधाला ते मुळीच पटलं नाही. घरी जाताना सई म्हणाली, "दॅट अंकल सो सीरियस लाह."

या हट्टाचं मूळ मला एकदाच कळलं, तेही ओझरतं. हुजुरांच्या वडिलांना घराच्या एका खोलीसाठी सिमेंट हवं होतं. सिमेंट परमिटवर, आणि परमिट हवं तर कोणा पुढाऱ्याची चिठ्ठी. वडील हायस्कुलात मास्तर. त्या पुढाऱ्याच्या ओट्यासमोर ते टोपी हातात घेऊन तीन सकाळी उभे राहिले, बरोबर नऊ वर्षांचा मुलगा. तिसऱ्या दिवशी आतून निरोप आला, की मास्तर कुठल्या आळीतले, आडनाव काय, विचारून घ्या. "किंमत तुझं आडनाव विचारत नाही," हे वाक्य हुजूर आम्हाला दर गुरुवारी ऐकवत. ते पुस्तिकेतलं नव्हतं, त्या ओट्यावरचं होतं.

मग माझ्या पासचं प्रकरण आलं. परदेशी माणसांना नोकरीचा पास देण्याचे नियम त्या वर्षांत आवळले जात होते. नोकऱ्या आधी इथल्यांना, हे बोलणं एमआरटीच्या गाडीतसुद्धा ऐकू यायचं. माझा पास संपत आला, कंपनीने नूतनीकरणाचा अर्ज केला, तो फेटाळला गेला. एकदा फेरविचाराची विनंती करता येत होती. तीही गेली असती तर महिन्याभरात गाशा गुंडाळायचा. सई नुकतीच पहिलीत गेली होती. शाळेचा निळा फ्रॉक ती रविवारीही घालून बसायची. कंपनीतली बाई म्हणाली, तुझं काम जवळून पाहिलेल्या इथल्या कोणा जाणत्या माणसाचं पत्र जोडता आलं तर बघ, बिघडणार तर काही नाही.

माझं काम जवळून पाहिलेला इथला जाणता माणूस एकच होता. पुढच्या गुरुवारी बाकीचे गेल्यावर मी त्यांना विचारलं.

हुजुरांनी चहाचा कप बाजूला सरकवला आणि नाही म्हणाले. तुझं काम चांगलं आहे, मग ते कामच बोलेल. पत्राने मिळालेली जागा आयुष्यभर पत्राचीच राहते. मी असं पत्र कोणाला मागितलं नाही, दिलंही नाही. आवाज नेहमीचाच, वर्गातला.

मला ते सहन झालं नाही. मी म्हणालो, "किंमत आडनाव विचारत नसेल काका. पण पासपोर्ट विचारतातच की. तुमच्या लंडनच्या मोकळ्या बाजारवाल्यांनी तुम्हाला ठेवून घेतलं का?"

मी त्यांच्याकडे न बघता उठलो आणि तडक घरी आलो. मेधाला सांगितलं तेव्हा ती त्यांना नावं ठेवेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, तू शेवटचं बोललास ते बोलायला नको होतंस. मला तिचाही राग आला. आमच्या घराचं काय होणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं आणि मला पंक्तीत वाढायला फक्त राग होता.

रविवारी सकाळी दार वाजलं. हुजूर उभे. टाय होता, संत्री नव्हती. हातात दोन लिफाफे, एक पांढरा, एक जुना, पिवळा पडलेला. मेधाने त्यांना बसवलं आणि न विचारता पोह्यांची बशी पुढे ठेवली. त्यांनी आधी पिवळा लिफाफा माझ्याकडे दिला. आत टाइप केलेलं पत्र होतं, खाली शाईची मोठी, थरथरती सही.

लंडनला ते ज्याच्या घरी खोली घेऊन राहत त्या म्हाताऱ्याचं ते पत्र. तो पहिल्या जातीतला हुजूर. थोरामोठ्यांनी सांभाळावं, शब्द द्यावा, पाळावा, असं मानणारा. स्वयंपाकघरात उभं राहून दोघं रोज भांडत आणि आमचे हुजूर त्याला तोंडावर कालबाह्य म्हणत. मग तिथले नियम आवळले गेले, तेही हुजूर पक्षाच्याच राज्यात. यांच्या राहण्याची मुदत वाढेना. हॉलमधल्या मित्रांनी हळहळ व्यक्त केली आणि समजावलं, की बाजार घरातल्यांचा असतो, दार कोणाला उघडायचं हा वेगळा विषय आहे. म्हाताऱ्याने काही समजावलं नाही. न मागता हे पत्र लिहिलं आणि सकाळच्या चहाच्या कपाखाली ठेवलं.

"हे मी कचेरीत दिलंच नाही," हुजूर म्हणाले. "दिलं असतं तर माझे वडील पुन्हा त्या ओट्यासमोर उभे राहिले असते, असं मला वाटलं. मी लंडन सोडलं. चाळीस वर्षं मी त्याला धैर्य म्हणत आलो."

मेधा हातातलं काम सोडून उभी होती.

"पत्र दिलं नाही हे मी त्या म्हाताऱ्याला सांगितलं नाही. तो वारला तेव्हा त्याला वाटत असणार, की आपल्या शब्दाला आता कोणी विचारत नाही. हे मला कधी सुचलंच नव्हतं. परवा तू उठून गेलास तेव्हा सुचलं."

दुसरा लिफाफा माझा होता. पत्र एकाच पानाचं आणि पूर्ण हुजुरी. पहिल्या परिच्छेदात माझे दोष: हा काम सुरू करायला वेळ लावतो, बैठकीत गरजेपेक्षा जास्त बोलतो. दुसऱ्यात लिहिलं होतं, की एकदा याच्याच प्रणालीत याचीच चूक राहिली होती, ती माझ्यासकट कोणाच्या लक्षात आली नव्हती, आणि याने स्वतः येऊन ती सांगितली. अशी माणसं मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत थोडी पाहिली. शेवटी एक ओळ: असं पत्र मी यापूर्वी लिहिलेलं नाही. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी सईला उगाचच हाक मारली.

हुजुरांनी पोहे संपवले, वर आणखी मागून घेतले. दुसऱ्या दिवशी दारात संत्री आली नाहीत. मेधा म्हणाली, झाला बाई माणूस घरातला.

पास मिळाला. पत्रामुळे मिळाला का, ते मला आजही सांगता येणार नाही. कंपनीतल्या बाईचं म्हणणं, तिकडे कोणी ते वाचलंही नसेल. हुजुरांना ही शक्यता सांगितली तर बरं वाटेल असं मला वाटलं, पण सांगायची वेळच आली नाही. त्या गुरुवारी ते आले, पुस्तिका उघडली नाही, आणि सगळ्यांना म्हणाले, "ज्याने रांग मोडली त्याने रांगेवर बोलू नये." आपण काय केलं ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. चहा संपवला, छत्री उचलली आणि गेले. आमचं गुरुवारचं मंडळ तिथेच संपलं. कोणी वाद घातला, कोणी फोन केले, त्यांनी सगळ्यांशी नीट बोलून नकार दिला. माझं घर वाचलं आणि त्यांचा गुरुवार गेला. हा सौदा मी मागितला नव्हता, पण पदरात माझ्याच पडला होता.

मी तरीही गुरुवारी जात राहिलो. सात वाजता कोपऱ्यातल्या टेबलावर एक पाकीट माझ्या जागेसमोर ठेवायचो आणि एक त्यांच्या. नियम मोडतोय हे कळत होतं. पहिल्या गुरुवारी कोणी आलं नाही. पाचव्यापर्यंत कोणीच आलं नाही. गर्दीत लोक रिकाम्या जागेकडे बघायचे, पाकीट दिसलं की पुढे जायचे. एकदा तर चहावाल्या आंटीने तिथे बसू पाहणाऱ्या एकाला लांबूनच हाताने नको म्हणून खुणावलं. ती हे सगळं बघत होती याचा मला पत्ताही नव्हता.

सहाव्या गुरुवारी तुफान गर्दी होती. मी थोसैच्या, म्हणजे आपल्या डोशाच्या, रांगेत उभा, आणि समोर पाहतो तर हुजूर. एका हातात ट्रे, त्यावर सूपचा वाडगा आणि चहा, दुसऱ्या मनगटावर छत्री लटकवलेली. सवयीने ते कोपऱ्यातल्या टेबलाशी आले, आपल्या जागेवर पाकीट दिसलं आणि थबकले. आजूबाजूला एकही स्टूल रिकामं नव्हतं. सत्तरीकडे झुकलेला माणूस, पण बसायला तयार नाही. आंटी ठेल्यातून ओरडली, "अंकल, सिट लाह! दॅट वन युवर्स!" त्यांनी मान हलवली आणि पाकिटाकडे बोट दाखवलं. जागा कोणाची तरी होती.

मी रांग सोडून गेलो. त्यांच्या हातातला ट्रे घेऊन टेबलावर ठेवला.

"कोणाचं आहे हे?" त्यांनी विचारलं.

"तुमचं."

"मी नाही ठेवलं."

"मी ठेवलं. तुमच्यासाठी. सहा गुरुवार ठेवतोय."

ते उभेच राहिले. तिसरा नियम सांगायला त्यांचं बोट वर जाईल असं मला वाटलं. बोट थोडं वर झालंही. मग त्यांनी ते पाकीट उचललं, उलटंपालटं करून पाहिलं, कागद नीट वाचावा तसं, आणि खिशात ठेवलं. बसले. सुती रुमालाने चष्मा पुसला, त्याला बराच वेळ लागला.

मी समोर बसणार तेवढ्यात ते म्हणाले, "तुझं ताट कुठे आहे?"

मी म्हणालो, रांग सोडून आलोय, राहू दे आता. नंतर बघू.

त्यांनी टेबलावरचं माझं पाकीट बोटाने बाजूला सारलं, खिशातून स्वतःचं काढलं आणि माझ्या जागेपुढे ठेवलं.

"जा, घेऊन ये," ते म्हणाले. "तुझी जागा मी धरतो."